एका दारात दोन गावं

१

रविवारी सकाळी नऊला राजकुमारनं जानेफळच्या अभ्यासिकेचं कुलूप काढलं, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर निंबारी गाव उघडलं आणि पाहतो तर काय, सतरा दिवसांपूर्वी सगळ्यांनी मिळून चौकात आणलेली अकरा घरं पुन्हा नाल्यापलीकडे जाऊन उभी होती.

निंबारी गाव जमिनीवर आता नाही. तेहेतीस वर्षांपूर्वी ते धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं जानेफळ, डोणगाव, अमडापूर अशी जिथं जमलं तिथं पांगली, त्यांची पोरं पुढं पुण्या-सुरतेला गेली. दीड वर्षापूर्वी त्याच पोरांनी ठोकळे रचून जग उभारायच्या एका गेममध्ये ते गाव पुन्हा बांधायला घेतलं. म्हातारी माणसं आठवून सांगत, पोरं बांधत. गेमचा सर्व्हर कुठल्या कंपनीचा नव्हता. अभ्यासिकेतला तो कोपऱ्यातला कॉम्प्युटरच सर्व्हर होता. त्याला कुठूनही जोडून घेतलं की निंबारीत शिरता येई. आज दुपारी बाराला उद्घाटन होतं आणि गावोगावची नव्वद माणसं आपापल्या पडद्यासमोर बसून एकाच वेळी गावात पाऊल टाकणार होती.

फक्त एका गोष्टीवरून भांडण झालं होतं. जुन्या निंबारीत बौद्धांची अकरा घरं नाल्यापलीकडे होती, विहीरही वेगळी. राजकुमारचं म्हणणं, जसं होतं तसंच दाखवा. शाळेत गणित शिकवणारे देवानंद सर उभे राहून म्हणाले होते, "एकदा दुसऱ्यायनं बांधलं, ते समजू शकतो. आता आपल्याच हातानं पुन्हा नाल्यापल्याड घरं बांधाची?" सभेनं सरांचं ऐकलं. अकरा घरं चौकाभोवती आली, विहीर एकच राहिली.

आणि आता ऐन उद्घाटनाच्या दिवशी ते सगळं उलटं झालं होतं. किल्ली होती राजकुमारकडे. विरोध होता राजकुमारचा. साडेनऊपर्यंत अभ्यासिकेसमोरच्या मांडवात वीसेक माणसं जमली आणि कोणीतरी मागून बोललंच, "हरला ना सभेत, मंग असं केलं."

राजकुमार दारात आडवा उभा राहिला. "कोनी हात लावाचा नाही त्या कॉम्प्युटरले. डोणगाववरून समता येऊन राह्यली. ती पाहीन."

२

समता मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायची. दीड वर्षापूर्वी हा सर्व्हर तिनंच बसवून दिला होता. स्कुटी लावून ती आत आली, तेव्हा घड्याळात नऊ पन्नास झाले होते. खुर्चीत बसली, पण तिचा पाय एका जागी ठरेना. खिशातला फोन सारखा थरथरत होता. पुण्याहून, सुरतेहून, नाशिकहून एकच तक्रार: गाव उघडत नाही.

हे तिला पहिल्यांदा खटकलं. समोरच्या पडद्यावर तर गाव दिसत होतं. जुनं का असेना, उघडलेलं होतं. मग बाहेरच्यांना का दिसत नाही?

रवी दाराशीच उभा होता. हा इंटरनेटचा माणूस. शनिवारी संध्याकाळी राजकुमारकडून किल्ली घेऊन त्यानं नवा राउटर बसवला होता.

"काल काय काय बदललं तुम्ही?" समतानं विचारलं.

"डब्बा बदलला फक्त. या कॉम्प्युटरचा जुना नंबर वहीत लिहून घेतला आन् तोच नव्यात टाकला." रवीनं वही उघडून तिच्यापुढं धरली. "मले मालूम होतं, काही झालं की पहिले माह्याच नावानं बोंब होईन."

समतानं ताडून पाहिलं. नंबर तोच होता. तरी खात्री करायला तिनं आपला लॅपटॉप काढला, त्याच खोलीतल्या वायफायला जोडला आणि तिथून निंबारीत शिरायचा प्रयत्न केला. चार हातांवरचा कॉम्प्युटर, मध्ये बाहेरची तार नाही, काही नाही. तरी लॅपटॉपवर लाल अक्षरं आली: जोडणी नाकारली.

म्हणजे पुण्याची वाट बंद नव्हती. शेजारच्या खुर्चीची वाटही बंद होती. या एका कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसालाच गाव दिसत होतं आणि तेही जुनं.

"रवीभाऊ, तुमच्या डब्ब्याचं काही नाही हे," ती म्हणाली.

रवीनं मोठा श्वास सोडला आणि वही मिटली. समतानं सर्व्हर नेहमीच्या पद्धतीनं नव्यानं चालू करून पाहिला. दोन सेकंदांत तो बंद पडला आणि जाता जाता एक ओळ टाकून गेला. ती वाचून ती खुर्चीतून उठलीच.

सर्व्हर म्हणत होता, माझ्या दारात आधीच कोणीतरी उभं आहे.

३

"दार म्हंजे?" राजकुमारनं विचारलं. खोलीत आता तो आणि ती, दोघंच होते.

"प्रत्येक सर्व्हरले येनाऱ्या-जानाऱ्याशी बोलाले एक दार लागते. आपल्या निंबारीचं दार ठरलेलं हाय. पन त्या दारात एक दुसरी निंबारी उभी हाय. एका दारात दोघं मावत नाही. म्हनून आपली चालूच होऊन नाही राह्यली."

"मंग आपली निंबारी गेली?"

समतानं फाइली उघडल्या. खऱ्या गावाचं फोल्डर जागच्या जागी होतं. काल रात्री आठपर्यंतचं काम त्यात होतं. शेजारी, कोणाला सहज दिसू नये अशा ठिकाणी, आणखी एक फोल्डर होतं. सतरा दिवसांपूर्वीची, घरं हलवायच्या आधीची प्रत. ही प्रत चालू होती.

"काही गेलं नाही," ती म्हणाली. "अकरा घरं चौकातच हायत. ही जुनी प्रत बंद करते आन् खरी चालू करते. पाच मिनिटाचं काम."

तिला वाटलं, राजकुमार हसेल. तो तिच्याकडे बघत राहिला.

"नको करू."

"काऊन?"

"तू पाच मिनिटात चालू करून देशीन आन् चालली जाशीन डोणगावले. बाहेर जे बसले हायत, ते काय म्हनतीन? राजकुमारनं केलं आन् समतानं निस्तरलं. माही माय रुखमाबाई त्या मांडवात बसेल हाय, तिच्यासमोर मले चोर म्हनलं लोकाईनं. कोनं केलं ते आधी काहाड."

समतानं घड्याळ पाहिलं. दहा वीस. फोन पुन्हा थरथरला. खरं तर मघापासून तिच्याही मनात एकच नाव होतं आणि त्या नावाचा माणूस तिच्यासमोर उभा राहून तपास करायला सांगत होता. तिनं नजर वळवली.

"तुम्ही कुलूप काढलं तवा आत काय वेगळं दिसलं?"

राजकुमारनं थोडा विचार केला. "कॉम्प्युटर चालूच होता, तो असतेच. मी फक्त गेमवर दाबलं. बाकी... हाव, खुर्च्या. या एका टेबलापुढं दोन खुर्च्या होत्या. शेजारी शेजारी, लागून. मी एक सारली आन् बसलो."

"कुलूप?"

"धड होतं."

"किल्ल्या किती?"

"एक माह्यापाशी, एक देवानंद सरापाशी. काल रवीनं माही नेली होती, सात वाजता परत आनून देल्ली."

समतानं पायलला फोन लावला. पायल मूळची निंबारीचीच, आता पुण्यात नोकरी करणारी. सर्व्हरचा पासवर्ड देवानंद सरांसारखाच तिच्याकडेही होता आणि तिला तिथून इथला कॉम्प्युटर चालवता येई.

"ताई, मी कालपासून हातच लावला नाही," पायल घाबरून बोलत होती. "आमच्याकडे माझे आईवडील तयार होऊन बसलेत. आई तर नवी साडी नेसून बसली आहे पडद्यासमोर. काय सांगू त्यांना?"

"सांग, बारा वाजता उघडते," असं म्हणून समतानं फोन ठेवला. आपण कोणत्या भरवशावर बोललो, तिलाच कळेना. मग ती त्या चोरट्या प्रतीच्या सेटिंगमध्ये शिरली.

खऱ्या निंबारीत पत्त्याची जागा रिकामी सोडलेली होती, म्हणजे कुठूनही कोणीही यावं. या प्रतीत ती कोणीतरी मुद्दाम भरली होती. एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.

समता एकदम स्थिर झाली. पाय हलायचा थांबला.

४

तो पत्ता कॉम्प्युटरचा स्वतःशी बोलायचा पत्ता असतो. घराचं पुढचं दार बंद करून आतल्या आत बोलावं तसं. तो टाकला की पुण्याचा माणूस येऊ शकत नाही आणि शेजारच्या टेबलावरचाही नाही. त्याच कॉम्प्युटरसमोर जो बसेल त्याच्यापुरतं गाव.

"पायल नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पुन्यात बसून तिले हे गाव दिसलंच नसतं. मंग ती कायले करीन?"

"आन् मी?" राजकुमारनं विचारलं.

"तुम्हाले जुनं गाव साऱ्या लोकाईले दाखवाचं होतं. तुम्ही केलं असतं तर दार उघडं ठेवलं असतं. ज्यानं केलं, त्याले ते कोनालेच दाखवाचं नव्हतं."

सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो. तिनं ती उघडली. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खरी निंबारी बंद केली गेली. रीतसर, सगळं जपून ठेवायची आज्ञा देऊन. सात बाराला जुनी प्रत चालू झाली. सात चौदाला या कॉम्प्युटरवरून कोणी तरी आत शिरलं. सात एक्केचाळीसला बाहेर पडलं. आणि सात त्रेचाळीसला खरी निंबारी पुन्हा चालू करायचा प्रयत्न झाला. तो फसला, दार अडलेलं होतं म्हणून.

समतानं ती शेवटची ओळ दोनदा वाचली.

"राजूभाऊ, हा चोर नाही. बिघडवनारा मानूस जाता जाता खरं गाव चालू कराले जाते का? यानं सत्तावीस मिनिटं जुनं गाव पाह्यलं, गेम बंद केला, पन मागं चालू असलेली प्रत बंद कराची राह्यली. घाईत खऱ्या गावाची आज्ञा देल्ली आन् ते चालू झालं का नाही हे पाहाले थांबला नाही. निस्ती चूक हाय ही."

"कोनाची?"

तिला आधी आणखी एक गोष्ट पाहायची होती. "तुम्ही गेम उघडला तवा तुमचा मानूस गावात कुठी उभा होता?"

"नाल्यापल्याड. म्हनून तर लगेच दिसलं मले. मी तसाच ठेवला, जागचा हलवला नाही."

गेममध्ये माणूस जिथं सोडून जातो, पुढच्या वेळी तिथंच उभा सापडतो. समतानं पडद्याकडे पाहिलं. समोर एका लहानशा घराचं दार होतं. आजूबाजूला मंदिर नाही, विहीर नाही, पार नाही. सत्तावीस मिनिटांच्या शेवटी तो माणूस या एका घरासमोर थांबला होता.

भिंतीवर म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून काढलेला गावाचा नकाशा लावला होता. नाल्यापलीकडची घरं ती बोटानं मोजत गेली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्या घरावर शाईनं नाव लिहिलं होतं.

केसरबाई.

देवानंद सरांची आई.

५

देवानंद सर मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी एकटेच उभे होते. समता येताना दिसली तसे त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला.

"जय भीम, सर."

"जय भीम. झालं का चालू?"

"सात दहाला तुम्ही कुलूप काढलं," समता हळू आवाजात म्हणाली. "दोन खुर्च्या लावल्या. एक आजीले, एक तुम्हाले."

चष्मा स्वच्छ झाला होता तरी सर पुसत राहिले.

"आज्ञा रीतसर देल्ली होती, सर. प्रत कुठी ठेवाची, पत्ता कोनता टाकाचा, एवढं येनारे माह्याशिवाय दोघंच. पायल पुन्यात हाय. राह्यले तुम्ही."

"पंधरा दिवसांपासून म्हनत होती," सर शेवटी बोलले. "ते नाल्यापल्याडचं घर एकदा दाखव. मी म्हनलं, आई, ते आता चौकात आनलं, तिथं पाहा. तर म्हने, चौकातलं घर चांगलं हाय, पन ते माहं नाही. माही बहीन रेनुका, माह्याहून मोठी, चार वर्षांची असतानी तापानं गेली. तिले घरामागच्या बांधावर मातीत ठेवलं होतं. आईचं सारं लक्ष त्या बांधाकडं. आता घरच हाललं, तर बांध कोनाच्या मागं शोधाचा?"

"मंग सांगाचं होतं सभेत."

"कोन्या तोंडानं?" सरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मीच उभा राहून बोललो ना, असं गाव पुन्हा नको म्हनून. अजूनही तेच म्हनतो. आन् माह्याच घरात... म्हनून गुपचूप दाखोलं. तितक्यात झाडूवाली तानुबाई फाटकाशी आली. मी घाबरलो, आईले उठवलं, घाईत दाबादाबी केली आन् निंघालो. साडेनऊले आलो तर राजकुमार दारात उभा. कोनाले हात लावू देईना."

"तवा सांगाचं होतं."

"हाव."

"सर, दोन तास झाले. तुमच्यासमोर त्याईले चोर म्हनून राह्यले लोक."

"मालूम हाय मले," देवानंद सर म्हणाले. "दर मिनिटाले वाटे, आता सांगतो, आता सांगतो. जितका उशीर झाला तितकं जड झालं."

मांडवातून कोणाचा तरी चढलेला आवाज आला. साडेअकरा झाले होते. समता पुढं काय बोलावं याचा विचार करत होती, तेवढ्यात सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला मागं टाकून मांडवाकडे चालू लागले.

६

ते माइक घ्यायला थांबले नाहीत. माणसांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं स्पष्ट बोलले.

"जुनं गाव मी चालू केलं होतं. राजकुमारनं नाही. सकाई माह्या आईले दाखवासाठी केलं आन् बंद कराचं विसरलो. दोन तास मी चूप बसलो, ती माही दुसरी चूक, आन् ती पहिलीपेक्षा मोठी हाय. राजूभाऊ, तुम्हाले जे ऐकून घ्या लागलं ते माह्यापायी."

मघाशी मागून बोललेला माणूस आपल्या चपलांकडे बघत होता. राजकुमार अभ्यासिकेच्या पायरीवर उभा होता. तो गोड बोलला नाही.

"सर, मले आधी येऊन सांगतलं असतं तर मीच दाखोलं असतं आजीले. कोनाले कयलं नसतं." थोडं थांबून म्हणाला, "बाकीचं आपन मंग बोलू. आज नाही."

केसरबाई मांडवातल्या खुर्चीवरून उठल्या. पंच्याऐंशीच्या पुढची बाई, पण काठी घेऊन सरळ अभ्यासिकेत आल्या आणि कॉम्प्युटरपुढं परत येऊन बसलेल्या समताच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर ते दार अजून तसंच होतं.

समताला राहवलं नाही. "आजी, हे पन गाव चालू ठेवता येते. याले दुसरं दार देते मी. दोन्ही संगंच चालतीन. ज्याले जे पाहाचं ते पाहीन."

केसरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "घराच्या मागं घे बरं जरासं."

समतानं माणूस फिरवून घरामागं नेला. हिरव्या ठोकळ्यांचा बांध होता, त्यापलीकडे एक बाभूळ. म्हातारी पुढं वाकली. बोट पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं आणि टेकवलं नाही.

"बाभूय इकडं नव्हती," त्या म्हणाल्या. "बाकी बरोबर हाय." मग मागं टेकून बसल्या. "नको व माय दुसरं दार. देवानंद म्हनते ते खरंच हाय. त्या नाल्यापल्याड पान्यासाठी ताटकयत उभं राहेलं माह्या पायाले मालूम हाय. तसं गाव कायले दाखवता नव्या लेकराईले? मले पोरीची जागा पाहाची होती. सकाई घाईत घराच्या मागं जानं झालंच नव्हतं. आता पाह्यलं."

"मंग पुसून टाकू ही प्रत?"

"पुसू नको," केसरबाई म्हणाल्या. "बंद कर."

समतानं आज्ञा दिली. बांध, बाभूळ, ते लहान दार, सगळं एका क्षणात गेलं. प्रतीचं फोल्डर तिनं केसरबाईंच्या नावानं बाजूला ठेवलं. मग खरी निंबारी चालू केली. एक ओळ आली, दुसरी आली, आणि दार मोकळं मिळाल्याची खूण उमटली. बाराला चार मिनिटं कमी असताना पडद्यावर पहिलं नाव झळकलं. पायल. त्यामागं अमडापूरचा इंद्रभान, मग सुरतेची दोन घरं, मग नावं वाचता येईनात इतकी. मांडवातल्या मोठ्या पडद्यापुढून टाळ्या ऐकू आल्या. कोणी ओरडत होतं, "ते पाहा, आपलं घर, आपलं घर!"

देवानंद सरांनी आईला हाताला धरून बाहेर नेलं. समतानं लॅपटॉप बॅगेत घातला, काढला, पुन्हा घातला. राजकुमार दाराला टेकून उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"राजूभाऊ, एक सांगाचं होतं. इथं आली तवा मीबी तुमच्यावरच धरलं होतं. काही पाह्याच्या आधीच."

"मालूम हाय," राजकुमार म्हणाला. "तोंडावर दिसते मानसाच्या."

राजकुमारनं तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"तो सुरतवाला मघापासून आमच्या गोठ्यात शिरून बसला. इकडं धडकते, तिकडं धडकते. माही माय पाहून राह्यली तथी बाहेर." त्यानं खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली. "बस. त्याले बाहेर काहाड पहिले."